छपरावरची आजी

एका जंगलात, मुलांनो, मरणं अगदी सोपं होतं. कधी मेलो ते शोधून काढणं मात्र महाकठीण.

मांडी घालून बसा. हातातली चकली संपवून घ्या. गोष्ट श्राद्धाची आहे, पण घाबरायचं काही कारण नाही. हिच्यात शेवटी सगळे पोटभर जेवतात.

तर त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळींदर राहायची. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं नेमानं करायची. देवापाशी दिवा लावताना काटा वातीला लागू नये म्हणून तिरकी बसायची.

साळूबाईची आई ठकूआई नदीच्या पलीकडे एकटी राहायची. चार वर्षांपूर्वी, भर पावसात, ती गेली. नदीला पूर होता. निरोप घेऊन बगळा निघाला. पण वाटेत मासे फार होते. तो पोचला महिन्यानं.

"ठकूआई गेल्या," बगळा म्हणाला.

"कधी रे?"

बगळ्यानं एक पाय वर घेऊन पुष्कळ विचार केला. "पाऊस होता त्या दिवशी."

आता पावसाळ्यात पाऊस रोजच असतो, मुलांनो. एवढ्यावरून तिथी कशी काढणार?

ज्यांची तिथी माहीत नसते, त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. साळूबाईही तसंच करायची. पण मनात खुपायचं.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, सर्वपित्रीला सगळ्या जंगलाचे पितर एकदम येतात. त्या गर्दीत आईला काय मिळत असेल? ती जन्मभर सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खायची. अजूनही तशीच मागे उभी राहत असणार. तिला तिचा एक दिवस नको का?"

"होतंय की सर्वपित्रीला," साळोबा म्हणाला आणि कूस बदलली. साळींदरानं कूस बदलली की शेजारच्याला उठावंच लागतं. साळूबाई उठली, ती थेट देवापुढे जाऊन बसली.

"देवा, आईची तिथी सापडेपर्यंत मी रताळं तोंडात घालणार नाही."

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण साळींदरानं रताळं सोडणं म्हणजे तुम्ही आंबा, आइस्क्रीम आणि मोबाइल एकदम सोडण्यासारखं आहे.

पितृपक्ष आठ दिवसांवर आला होता. साळूबाईनं डब्यात राजगिऱ्याचे लाडू घेतले आणि निघाली.

पहिल्यांदा ती नोंदणी कार्यालयात गेली. ते एका दगडाखाली होतं. तिथे कासव बसायचं. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. जंगलातल्या प्रत्येकाचा जन्म आणि मृत्यू भाऊसाहेबच लिहायचे. हे काम त्यांना का दिलं होतं? तर सगळ्यांच्या मरणानंतर तेच उरणार, हे नक्की होतं म्हणून.

"भाऊसाहेब, माझ्या आईच्या मृत्यूची नोंद बघता का? ठकूआई, राहणार पैलतीर."

भाऊसाहेबांनी वही उघडली. त्यात दुपार गेली. मग बोट फिरवलं. त्यात संध्याकाळ झाली.

"बाई, मी क्रमानं लिहितो. सध्या तुमच्या पणजोबांच्या वेळचा दुष्काळ चालू आहे. आईंचा नंबर यायला वेळ आहे."

"म्हणजे आई वहीत नाहीच?"

"आहेत की. जन्म लिहिलेला आहे. मृत्यू लिहिलेला नाही. म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीनं त्या जिवंत आहेत. आणि जिवंत व्यक्तीची माहिती मी तिच्या सहीशिवाय देत नाही. त्यांना घेऊन या."

साळूबाईनं क्षणभर पदर तोंडाला लावला. मग तिला एकदम बरं वाटलं. जगात एक तरी जागा आहे, जिथे आई अजून आहे! तिनं भाऊसाहेबांना दोन लाडू दिले आणि पुढे गेली.

पुढे वडाचं झाड होतं. तिथे कावळेनाना श्रद्धांजलीचे फ्लेक्स करायचे. कोणी मेलं की नाना फ्लेक्स तयार करून त्याच्या घराजवळच्या झाडावर टांगायचे. दहाव्या दिवसापर्यंत तो लटकायचा.

"नाना, माझ्या आईचा फ्लेक्स झाला होता का?"

"झाला होता ना! पैलतीरच्या पिंपळावर लावला होता. बेचाळीस शोकाकुल होते. काय देखणा झाला होता!"

"त्यावर तिथी होती?"

"असेल कोपऱ्यात. जागा उरली की तिथी घालतो."

"आणि फोटो?"

"होता तर. मधोमध कोल्होबादादांचा."

"दादा कुठे मेलेत?"

"दादा मेले नाहीत, दादांना दुःख झालं होतं! पंचायतीची निवडणूक जवळ होती ना. आईंचाही होता एक, लहानसा." नानांनी चोच पुसली. "असं बघा ताई, मेलेला काही फ्लेक्स बघायला येत नाही. शोकाकुल रोज येऊन बघतो. वर आपलं नाव दुसऱ्यापेक्षा बारीक का म्हणून भांडतो."

"त्याची एखादी प्रत ठेवली असेल ना तुम्ही?"

"छे! दहाव्याच्या सकाळी फ्लेक्स उतरतो. हा माझा नियम आहे. त्यानंतर ज्याचं छप्पर गळतं, तो घेऊन जातो. पाणी थेंबभर जात नाही आतमध्ये."

साळूबाईला एकदम वाट दिसली. मुलांनो, एवढ्या मोठ्या जंगलात मेलेल्यांची खरी नोंद कुठे होती, कळलं ना? जिवंत लोकांच्या छपरांवर!

मग ती पैलतीरी गेली आणि घरोघर हिंडू लागली. "छप्पर बघू का जरा?" एवढंच विचारायची. लोकांना वाटलं, गळतीची पाहणी करायला सरकारी बाई आली. सगळे तिला ओल दाखवायचे. एका सायाळीनं तर तीन वर्षांपूर्वीची ओलसुद्धा दाखवली.

रानडुकराच्या छपरावर "भावपूर्ण श्रद्धांजली" होतं आणि खाली सदतीस नावं होती. मेलेल्याची फक्त शेपटी मावली होती.

"कोण गेलं होतं हो?" तिनं विचारलं.

रानडुकरानं मान वर करून बराच वेळ शेपटी बघितली. "आमच्यापैकी नसावं. आमचे सगळे शोकाकुलात आहेत."

सशाच्या छपरावर एक फ्लेक्स उलटा होता. तरसाच्या घरावर तिघांचे तीन तुकडे जोडून एकच मयत झालं होतं. साळूबाईनं प्रत्येकाला नमस्कार केला. कोणाची का आई असेना.

सातव्या दिवशी पाय सुजले. वाटेत एका बांधावर उकरलेलं रताळं पडलं होतं, गुलाबी, ताजं. साळूबाईनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि त्याला वळसा घालून गेली. वळसा जरा मोठाच घातला, कारण वास लांबपर्यंत येत होता.

ओढ्याकाठी मुंगसांचं घर होतं. दारात मथूवहिनी धान्य पाखडत होती.

"छप्पर बघू का जरा?"

"या की! गळत नाही हो आमचं. चार पावसाळे झाले."

आत चार पिल्लं उताणी पडून वर बघत होती.

"काय बघता रे?"

"छपरावरची आजी," सगळ्यात धाकटी म्हणाली. "मधला मोठ्ठा कोल्हा आहे ना, त्याची भीती वाटते. मग आम्ही कोपऱ्यातल्या आजीकडे बघून झोपतो. ती हसते."

साळूबाईनं वर पाहिलं. मधोमध कोल्होबादादा हात जोडून उभे होते. त्यांच्या कोपराखाली, बोराएवढी, आई हसत होती.

साळूबाई खालीच बसली. बसताना सूप भोसकलं गेलं, ते मथूवहिनीनं हळूच काट्यांतून सोडवून घेतलं.

"आई आहे माझी," साळूबाई म्हणाली.

"अगं बाई!" मथूवहिनीनं तांब्याभर पाणी आणलं. "तुम्ही ठकूआईंच्या लेक होय? पण शोकाकुलात लेकीचं नाव नाही हो. आम्ही सगळी नावं वाचतो. पोरं त्यावरच अक्षरं शिकली."

"मला कळलंच नव्हतं ना, वहिनी." साळूबाई घाईनं बेचाळीस नावांच्या खालचा कोपरा शोधू लागली. तिथे तिथी असणार. पण तिथे भोक होतं. वाटोळं, काळंभोर.

"हे काय?"

मथूवहिनी ओशाळली. "धूर जायला पाडलं. आमच्या ह्यांनीच पाडलं. म्हणाले, कोणाच्या चेहऱ्यावर भोक पाडायला मन होत नाही, कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलंय, तिथे पाडतो."

म्हणजे चार वर्षं आईची तिथी धुरात गेली होती! साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धाकटी वर बघून म्हणाली, "आई, छप्पर गळत नाही, मग या काकू कशा भिजल्या?"

मथूवहिनीनं सूप बाजूला ठेवलं. "रडू नका हो. तिथीच पाहिजे ना? हा फ्लेक्स मीच उतरवून आणला, दहाव्याच्या सकाळी. त्या दिवशी माझी ऋषिपंचमी होती. पोटात कण नाही, धो धो पाऊस, घरात चार पोरं, आणि हे आत घोरत पडलेले. उपाशी पोटी छपरावर चढले मी. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. ह्यांनाही विसरू देत नाही."

आतून मुंगूसराव म्हणाले, "दर वर्षी ऐकतो मी ते. ऋषिपंचमीच होती."

साळूबाईनं डोळे पुसले आणि आपले काटे उलटे मोजायला सुरुवात केली. "दहावा पंचमीला. नववा चतुर्थीला, गणपती आले. आठवा हरतालिकेला. सातवा बीज, सहावा प्रतिपदा. पाचवा अमावास्या, पोळ्याची. चौथा चौदस, तिसरा तेरस, दुसरा बारस. आणि पहिला..."

"एकादशी!" दोघी एकदम म्हणाल्या.

"श्रावणातली वद्य एकादशी," साळूबाई म्हणाली. मग रडता रडता हसायलाच लागली. "आईच ती! जातानासुद्धा उपासाचा दिवस बघून गेली. कोणाचा केलेला स्वयंपाक वाया जायला नको म्हणून!"

मुंगूसराव शिडी घेऊन आले. "फ्लेक्स काढून देऊ का? तुमचा आहे तो."

साळूबाईनं वर बघितलं. चार पिल्लंही तिच्याकडे बघू लागली, श्वास रोखून.

"राहू द्या," ती म्हणाली. "आई जिथे आहे तिथे बरी आहे. फक्त पितृपक्षातल्या एकादशीला तुम्ही सगळी माझ्याकडे या."

परतताना तिनं भाऊसाहेबांना तिथी सांगितली. त्यांनी वही उघडायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "लिहू नका, भाऊसाहेब. तुमच्या वहीत आई जिवंतच राहू दे."

"फार उपकार झाले," भाऊसाहेब म्हणाले आणि मान आत घेतली.

एकादशी उजाडली. साळूबाईनं वरीचा भात केला, दाण्याची आमटी केली, रताळ्याचा कीस केला. पान वाढून अंगणात ठेवलं. त्या जंगलात कावळा एकच, त्यामुळे कावळेनानाच येऊन फांदीवर बसले.

पण नाना पानाला शिवेनात.

"शिवा ना, नाना."

"मी कोण शिवणारा, ताई? आतून सांगणं यावं लागतं. येत नाहीये. कीस बघून मला तर कधीचं सुटलंय पाणी."

दुपार टळली. साळूबाईनं हात जोडले. "आई, तुझाच दिवस आहे गं. काय राहिलं?"

तेवढ्यात मुंगसांची चार पोरं दारात आली. मागे मथूवहिनी, तिच्यामागे मुंगूसराव. रताळ्याच्या वासानं रानडुक्कर आलं, ससे आले. कोल्होबादादा तर मतदार यादी घेऊन आले, कारण यादीत ठकूआईंचं नाव अजून होतं. साळूबाईनं सगळ्यांना पानं मांडली आणि वाढलं. धाकटीला दोनदा वाढलं.

शेवटचा घास शेवटच्या सशाच्या तोंडात गेला आणि नाना फांदीवरून झेपावले. पानाला शिवले.

"आलं सांगणं," तोंडात कीस घेऊन ते म्हणाले. "म्हणाल्या, सगळ्यांचं झालं का, मग बसते."

कढईच्या कडेला रताळ्याचा एक जळका तुकडा उरला होता. तेवढाच खाऊन साळूबाईनं आपला नेम सोडला. इतकं गोड रताळं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं.

तात्पर्य: चांगलं काम केलं की मागे नाव राहतं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू देत. खरं म्हणजे गळक्या घराशेजारी मरावं, आणि त्या घरातल्या बाईचा आपल्या दहाव्याला कडकडीत उपास असावा.