डावा जुना, उजवा नवा

किसनभाऊंच्या दोन पायांत दोन वेगळे जोडे असतात. डाव्या पायात जुना पिवळा, उजव्यात त्याचीच सुधारलेली नवी आवृत्ती, केशरी. सकाळी दारव्हा रोडनं ते धावत आले की ऑटोवाले वेग कमी करून बघतात.

भाऊ एसटीतले निवृत्त मेकॅनिक. मुलगा सुमित बंगळुरूला जोड्यांच्या कंपनीत आहे, म्हणून मॅरेथॉनचे कार्बनची पट्टी बसवलेले जोडे त्यांना चाचणीसाठी पार्सलनं येतात. मी कॉलेजात क्लार्क, माझे जोडे बाजारातले. आम्ही एकाच वर्षी धावायला लागलो, आणि ते रोज मला मागे टाकतात. कारण जोडा, असं मी म्हणतो. बायको म्हणते, पोट.

"भाऊ, दोन्ही नवेच घाला ना," मी एकदा म्हटलं.

"मंग फरक कसा समजन? बसचे दोन्हीकडचे पाटे एकदम बदलले, तं कोनता कुरकुरते हे कसं समजन?"

कार्बनच्या पट्टीलाही ते, बसच्या स्प्रिंगच्या पट्टीसारखं, पाटाच म्हणतात. जोडा कानाशी धरून वाकवतात, आवाज ऐकतात. "पाटा कडक केला. पन टाच हलते. अजून पाहा लागते."

हे 'अजून पाहा लागते' चार महिने चाललं होतं. तोवर उजवा जुना आणि डावा नवा त्यांच्या घरी टेबलावर नुसते पडून. आठ नंबर. माझंच माप! मला जेवण गोड लागत नसे.

दर रविवारी धावून झालं की आम्ही पुलाच्या कठड्यावर बसायचो. तेव्हाच सुमितचा फोन यायचा आणि भाऊ अर्धा तास तक्रारी सांगायचे. एका रविवारी मला राहवलं नाही. मी फोन मागून घेतला.

"सुमित, तुहे बाबा उगाच खोट काढून राह्यले. नवा जोडा फर्स्टक्लास हाय. मले रोज मागं टाकते, अजून काय पायजे?"

सुमित हसला. "मग रिपोर्ट पूर्ण झाला, काका."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"रेंज नसन," भाऊ म्हणाले. रेंज भरपूर होती. मग फोन शर्टाला पुसत म्हणाले, "त्याची माय होती तं मायच बोले त्याच्यासंग. आमाले दोघायले काही सुचत नाही. जोड्याचं निघे, तेवढंच."

त्यांनी सोबत आणलेल्या पिशवीतून डावा नवा काढला, पायातला उजवाही उतरवला आणि जोडी माझ्यापुढं ठेवली. "टेस्टिंग तं संपलं. तुमाले होतीन."

चार महिने हवा असलेला जोडा समोर होता आणि मला हात लावावासा वाटेना. मी थोडा बाजूला गेलो आणि सुमितला फोन लावला. "तो जोडा टाचेले लागून राह्यला बाप्पा. बाबाच्या पायाले फोड आला."

मिनिटभरात भाऊंचा फोन वाजला.

"फोड? कोनाले फोड? काका खोटं बोलते. जोडा चांगला हाय. पास."

मी कपाळावर हात मारला. आता हा माणूस फोन ठेवणार!

भाऊंनी फोन कानाशीच ठेवला. घसा खाकरला.

"नाश्त्याले काय केलं रे आज?"

मग पलीकडून सुमित बराच वेळ बोलत राहिला. एक पाय अनवाणी, मान खाली घालून भाऊ नुसतं ऐकत होते.