घरघंटीचं कार्ड

लीलाधर आबांनी हात लावला आणि चालू झाली नाही, अशी मोटार पारोळा तालुक्यात अजून बसायची आहे. हे आबाच सांगायचे. विहिरीवरची असो, बोअरमधली असो, आबा नुसता वास घेऊन सांगणार की फेज गेला, की कॉइल जळाली, की मालकाने बिल भरलं नाही. दुरुस्ती झाली की अगरबत्ती, हळद-कुंकू आणि वर चार अक्षता. अक्षता पडल्याशिवाय आबा बटण दाबू द्यायचे नाहीत.

अशा माणसाचं गल्लीतल्या भिकनशी वाजलं होतं. भिकनची पिठाची गिरणी. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने मिरची दळली आणि त्यावरच आबांचा गहू दळला. पुरणपोळ्या खाऊन पाहुण्यांनी नाकं पुसली. आबा तडक गिरणीसमोर गेले आणि भर चौकात म्हणाले, "भिकन, आजपासून तुना गिरणीनी पायरी मी चढाव नही!" आठवड्याभरात जळगावहून घरघंटी आली. तेव्हापासून दर आखाजीला जावई पोळीचा पहिला घास घेतो न घेतो तोच आबा सांगणार, "घरच्या घंटीचं पीठ आहे, म्हणून एवढी मऊ!"

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सुनंदाबाई जरा घाईतच म्हणाल्या, "घंटी लावा हो आज. खापरावरच्या पोळ्यांचं पीठ पाहिजे."

आबा खूश झाले. वर्षाचा सण, पूजा हवीच. अगरबत्ती झाली, हळद-कुंकू झालं, घंटीच्या उघड्या दारातून मूठभर अक्षता पडल्या. दार लावून आबांनी बटण दाबलं. घंटीने 'घूं' केलं, लाल दिवा लावला आणि गप्प बसली.

"आबा, दार नीट लागलं नसेल," माहेरी आलेली रूपाली म्हणाली.

"दाराला काय होतं? आतलं कार्ड गेलं असणार. जुनी घंटी आहे."

जळगावच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "कार्ड गेलं असेल तर त्या मॉडेलचं आता मिळत नाही. भंगारात द्या."

भंगार! आबांनी फोन ठेवला, लेंग्याच्या नाडीला आणखी एक गाठ मारली आणि पेचकस हातात घेतला. मागचा पत्रा निघाला. आत तळहाताएवढं हिरवं कार्ड होतं. त्यावर रंगीत मण्यांची दाटी. पंपाच्या स्टार्टरमध्ये तीन पट्ट्या आणि एक कॉइल. इथे तर जत्राच भरलेली. पण आबा डगमगले नाहीत. वास घेतला.

"काय कळलं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"मिरचीचा वास येतोय."

"ती फोडणी आहे. मी वरण करतेय."

आबांनी कार्ड दातांच्या ब्रशने घासलं. ब्रश रूपालीचा होता हे नंतर कळलं. मग ते गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवलं. परत बसवलं, पुन्हा अक्षता, पुन्हा बटण. लाल दिवा! मग एकेक वायर काढून उलटी लावून पाहिली. अक्षता, बटण, आणि या वेळी घरातली सगळी वीजच गेली. पंखे थांबले. वैशाखातली दुपार, सुनंदाबाई पदराने वारा घेत नवऱ्याकडे बघत होत्या. ती नजर उन्हापेक्षा कडक होती.

फ्यूज बांधून, वायरी पहिल्यासारख्या लावून आबा म्हणाले, "आता नारळ. नव्या मोटारीला फोडतो तसा."

नारळ फुटला. पाणी शिंपडताना हात जरा सैल सुटला आणि उघड्या कार्डाने आंघोळ केली. मग रूपालीचं केस वाळवायचं यंत्र आलं. आबा कार्डावर गरम हवा सोडत बसले, लेकीला पहिली आंघोळ घालून शेकत बसावं तसे.

वाळलेलं कार्ड बसवलं. लाल दिवा.

"हे बघा," सुनंदाबाई म्हणाल्या, "उद्या जावई जेवायला येतोय. पीठ नसेल तर भात वाढीन आणि कारण विचारलं तर तुमच्याकडे बोट दाखवीन. हा गहू घ्या. भिकनकडे जा. तुम्हीच जा."

"शपथ आहे माझी!"

"शपथ लाटून पोळी होते का?"

आबांनी गव्हाचा डबा काखेत मारला. त्यांनी डब्यावर उपरणं टाकलं आणि मागच्या बोळाने निघाले. वळणावर समोरून भिकन येत होता. त्याच्याही काखेत डबा आणि डब्यावर टॉवेल.

दोघं थांबले.

"कोठे चालनात आबा?"

"फिराले. तू?"

"मी बी फिराले."

दोघांनी एकमेकांच्या काखेकडे पाहिलं. शेवटी भिकननेच टॉवेल काढला. "सकायपासून गिरणी बंद शे, आबा. स्टार्टर धरस नही. ओट्यावर बायका बठेल शेतस. मनी बायको बेबा म्हने, घरना गहू तरी आबांना घंटीवर दयी आन."

इतक्या वर्षांचा राग आबांच्या पोटात होता, पण 'स्टार्टर' शब्द ऐकला आणि त्यांच्या मिशा हलल्या. "आधी मनी घंटी दख," ते म्हणाले. "मंग तुना स्टार्टर."

घंटीसमोर बसून भिकनने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्रा लावून दिला, पुढचं दार उघडलं आणि आत वाकला. जन्म धान्यात गेलेला माणूस. "मशीनमा काय टाकं व्हतं?"

"गहू."

"मंग हाऊ तांदूळ कोठून उना?"

दाराच्या कडेला एक बारीक बटण असतं. दार पक्कं लागलं की ते दाबलं जातं, तेव्हाच घंटी चालते. त्या बटणाच्या फटीत एक पिवळाधमक, कुंकवाचा टिळा लागलेला तांदूळ अडकून बसला होता. भिकनने तो रूपालीच्या केसांच्या पिनेने काढला. घंटी गरगरा फिरू लागली.

"कार्ड साफ केलं ना मी, म्हणून उचलली," आबा म्हणाले.

आता आबांची पाळी. गिरणीपाशी आले आणि पायरीसमोर थबकले. ओट्यावरच्या बायका टक लावून बघत होत्या. भिकनला कळलं. "मांगतून या आबा. तठे पायरीच नही."

आबा मागच्या दाराने आत गेले. स्टार्टर उघडला, वास घेतला आणि फुंकर मारली. पीठच पीठ! पट्ट्यांच्या मधे थर बसला होता. चिंधीने पुसलं आणि खटका दाबला. अख्खी गिरणी थरथरली, ओट्यावर जल्लोष झाला. आबांचा हात सवयीने खिशात अक्षतांसाठी गेला.

"आबा, नको!" भिकनने मनगटच धरलं.

आबा हसले. खूप दिवसांनी भिकनही हसला. "चालू कर," आबा म्हणाले, "पहिला नंबर कोणाचा?"

भिकनने रांगेतला पहिला डबा उचलला. स्टीलचा, मोठा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं. आबांनी चष्मा पुसून वाचलं. त्यांचंच नाव होतं.

"वहिनींनी सकायीच धाडेल शे," भिकन खाली बघत म्हणाला. "गिरणी बंद पडनी हाई बी त्यास्ले ठाऊक व्हतं. दर आखाजीले पहिला नंबर तुमनाच ऱ्हास आबा. घंटीनं पीठ जाडं पडस म्हनेत."

दुसऱ्या दिवशी जावई नवीनराव जेवायला बसले. आमरसात बुडवून पोळीचा पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "आबा, काय मऊ पोळी आहे!"

आबांनी तोंड उघडलं. समोर सुनंदाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि अगदी शांतपणे त्यांच्याकडे बघत होत्या.

"रस घ्या, नवीनराव," आबा म्हणाले. "रस घ्या."