राही गाढवीण आणि आजोबांचा नियम

मुलांनो, एका जंगलात घोडे राहत आणि गाढवे राबत. डोंगरावरच्या तळ्याचे पाणी गाढवांनी पखालीत भरून खाली आणायचे आणि घोड्यांनी हौदावर उभे राहून प्यायचे, अशी फार जुनी रीत होती. तळ्यावर जाताना गाढवांच्या तोंडाला मुसकी बांधलेली असे. त्यांनी स्वतः प्यायचे ते खालच्या डबक्यात.

एका उन्हाळ्यात सिंहाने फर्मान काढले की आजपासून कोणी कोणाचा गुलाम नाही. घोड्यांचे पुढारी अबलखराव यांनी सभा घेतली. ते म्हणाले, गाढवांच्या पाठीवरच्या ओझ्याने आपले मन कायम वाकलेले असे. सगळे घोडे गहिवरले.

त्याच आठवड्यात डबके आटले. राही नावाची म्हातारी गाढवीण तळ्यावर गेली. तिला वाटले, आपण मोकळे झालो तसे पाणीही झाले असेल. भोळीच म्हणायची.

वाटेवर रेडा उभा होता. एकदा सांगितलेले तो जन्मात बदलत नसे, म्हणून अबलखरावांनी त्याला मुद्दाम नेमले होते. त्याने नियम वाचून दाखवला. ज्याचे आजोबा या तळ्यावर येऊन पाणी प्यायले, त्यानेच इथे प्यावे. नियमात गाढवाचा उल्लेखसुद्धा नव्हता. अबलखरावांना याचा फार अभिमान होता.

आपले आजोबा रोज इथे येत, असे राहीने सांगितले. प्यायले का, असे रेड्याने विचारले. राहीने मुसकीचे खरे ते सांगितले आणि झाडाखाली बसून राहिली. परत जाऊन तरी काय प्यायचे होते?

इकडे घोडे दोन दिवस हौदावर पाण्याची वाट पाहत उभे होते. तिसऱ्या दिवशी ते डोंगर चढले. वाट कोणालाच ठाऊक नसल्याने चारदा चुकले.

"आजोबा इथे येऊन प्यायले होते?" रेड्याने विचारले.

"अरे, मी अबलखराव. हा नियम मीच केलाय."

"चांगला केलाय. आजोबा?"

आजोबांनी हा डोंगर कधी पाहिलासुद्धा नव्हता. अबलखरावांनी घाईने नियमात भर घातली. ज्याच्या आजोबांना इथले पाणी नेऊन पाजले, त्यानेही प्यावे.

"ठीक," रेडा म्हणाला. "साक्षीदार?"

सगळ्या माना झाडाकडे वळल्या.

"राहीबाई," अबलखराव म्हणाले. बाई हे त्यांच्या तोंडून प्रथमच निघाले. "आमच्या आजोबांना पाणी कोण आणून देई, ते याला सांगा बरं."

"सांगते की. पण घसा कोरडा पडलाय, अबलखराव. शब्द फुटत नाही."

रेडा हलेना. मग आणखी एक ओळ लिहावी लागली, की साक्षीदाराने आधी प्यावे. त्यावर राही म्हणाली की चाळीस घोड्यांच्या चाळीस आजोबांचे आपल्या एकटीला कसे आठवणार. ज्याचे पाणी ज्याने वाहिले, त्याच्या नातवंडांना बोलवा. सगळी गाढवे आली. ती सावकाश प्यायली. घोडे उन्हात रांगेत उभे होते.

मग गाढवांनी साक्ष दिली, आणि खरी दिली. साक्षीदाराने आधी प्यावे ही ओळ पुढे कोणी खोडली नाही, कारण साक्ष रोज नव्याने द्यावी लागेल, असे रेड्याचे म्हणणे पडले.

तो दिवस जंगलात अजून साजरा होतो. घोड्यांनी गाढवांना पाणी दिले, तो दिवस. भाषण अबलखरावांचेच असते.

तात्पर्य: हक्क मागणाऱ्याला तहान लागून भागत नाही, ती हक्क देणाऱ्याला लागावी लागते.