नुबियाच्या नऊ संध्याकाळी

इंग्रजीच्या वर्गात मिस ग्लॅडिसनी फळ्यावर ‘स्टँड अप फॉर युअरसेल्फ’ लिहिलं आणि अर्थ सांगितला: कुणी आपल्यावर काही लादत असेल, तर गप्प न बसता आपली बाजू ठामपणे मांडणं. नुसतं पाठ करू नका, घरी जाऊन करून बघा, म्हणाल्या. सोळा डिसेंबरला संध्याकाळी सहाला तोंडी परीक्षा होती. ती पास झाली, तर हॉटेलवाले नुबियाला भांडारातून स्वागतकक्षात घेणार होते.

करून बघायला लांब जायला नको होतं. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी तिची अख्खी इमारत एकेका घरी प्रार्थनेला जमे, आणि चाळीसएक तोंडांना बुन्युएलो, म्हणजे चीजचे गरम गोळे, तळून घालणं यजमानाकडे असे. पहिली संध्याकाळ, म्हणजे सोळा तारीख, आठ वर्षं नुबियाच्याच गळ्यात होती.

कुठली संध्याकाळ कुणाकडे, याची यादी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या दोन्या रोसाल्बांकडे असे. यंदा सोळा तारीख दुसऱ्या कुणाला द्या, हे सांगायला नुबिया तिथे गेली. पण बोगोतात ‘माझ्या पायावरचा पाय काढा’ हेसुद्धा माफी मागूनच सांगतात.

“माफ करा हं, जरा त्रास देते...”

“त्रास कसला, पोरी. बरी आलीस. माझे गुडघे बघतेयस ना? सतरा तारीखही तूच घे.”

ज्यांचे गुडघे आपल्याला ठाऊक असतात, त्यांना नाही म्हणणं अवघड. मग ती वरच्या एव्हेलिओ मास्तरांकडे गेली. तिथेही आधी माफी मागितली. तिथल्या बोलीत माफी आणि सांत्वन एकाच शब्दात होतं. मास्तरांना वाटलं, ही आपल्या दिवंगत बायकोबद्दल हळहळतेय. ते रडले. नुबिया अठरा तारीख घेऊन खाली आली. आठवड्याभरात तिने आणखी सहा घरी आपली बाजू मांडली, आणि नऊच्या नऊ संध्याकाळी तिच्याकडे आल्या. हौसच आहे तिला, असं इमारतीचं मत पडलं.

सोळा तारखेला पाच वाजता तेल तापलेलं असताना मिसचा फोन आला.

“वेळेवर या. गैरहजर म्हणजे नापास.”

“मी येणार नाही,” नुबिया म्हणाली. “चाळीस माणसं येतायत, आणि तारीख ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. माझी परीक्षा उद्या सकाळी घ्या.”

माफी मागायची राहिली, हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

मिस म्हणाल्या, “हेच इंग्रजीत म्हणा.”

नुबियाने म्हटलं. अडखळत, पण शेवटपर्यंत.

“पास,” मिस म्हणाल्या. “बाकीच्यांची परीक्षा आटोपून तुमच्याकडेच येऊ का? सासूबाई आहेत, दोन नणंदाही आहेत.”

नुबियाने परातीतल्या पिठाकडे पाहिलं.

“माफ करा हं, मिस...” ती म्हणाली, आणि आणखी पीठ भिजवायला घेतलं.