न्हाणीघरातला नंदादीप

धरलेला नेम माझ्या हातून आजवर मोडलेला नाही. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, आणि वर्षाचे बारा महिने खोटं न बोलण्याचा नेम. तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा उपास सोडला नाही. तेव्हा यांची अर्ध्या तासाची मुलाखत काय, सहज निभावून नेईन, अशी माझी पक्की खात्री होती!

आमचे हे, त्रिंबकराव, बत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात रसायनांची सुरक्षा बघायचे. निवृत्त होऊन आम्ही सोलापूरला आलो आणि त्यांच्या हाताखाली एकच माणूस उरलं, ते म्हणजे मी. माझ्या कापराच्या डबीवर त्यांनी कवटीचं चित्र चिकटवलं. मी फोडणी द्यायला लागले की मागं उभं राहून 'चष्मा घाल' म्हणायचे. देवघराच्या वर धुराची घंटा बसवली. रोज आरतीला ती अशी किंचाळायची, जणू देव्हाऱ्यात नाग निघालाय! शेजारची कमलम्मा हातातले टॉवेल टाकून धावत यायची. शेवटी घंटेची बॅटरी काढून मी भिंतीवरच्या घड्याळात घातली. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मग आमच्या लेकीनं, उत्कर्षानं, पुण्याहून एक जाहिरात पाठवली. सैन्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीला रसायन सुरक्षेचा जाणकार हवा होता. काम घरी बसून, लॅपटॉपवर. दहा महिन्यांत पहिल्यांदा यांचा चेहरा उजळला. पण जेवणात लक्ष लागेना, झोप लागेना, दोन खोल्यांत दिवसभर येरझाऱ्या. मलाच घेरी यायला लागली. मी सिद्धरामेश्वराला हात जोडले : एकवीस दिवस घरात नंदादीप अखंड तेवत ठेवीन, आणि नोकरी लागली तर याच घरात एकशे आठ दिवे लावीन.

मुलाखत आली नेमकी एकविसाव्या दिवशी, सकाळी अकराला. दिवा सांभाळायचा होता सूर्यास्तापर्यंत.

"अर्धा तास विझव की," हे म्हणाले. "मागनं परत लाव. देव काय घड्याळ लावून बसलाय?"

मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली, ते त्यांनी पाहिलं नाही.

अकराच्या ठोक्याला लॅपटॉपवर बुद्धप्रिया मॅडम आल्या. कंपनीच्या सुरक्षेच्या मुख्य त्याच. त्यांनी गळतीचं विचारलं, साठवणुकीचं विचारलं. हे उत्तरं अशी देत होते की लाह्या फुटाव्यात. मी दाराच्या पडद्याआड जप करत होते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "जो दुसऱ्याला सुरक्षा शिकवणार, त्याचं घर आम्ही आधी पाहतो. कॅमेरा फिरवून सगळं दाखवा. उघडी ज्योत दिसली, तर आपण इथंच थांबू."

माझ्या हातातली माळच थांबली. देवघर तर त्याच खोलीत! यांनी मोठ्या ऐटीत आधी धुराची घंटा दाखवायला घेतली आणि कॅमेरा वर रोखला. तेवढ्यात मी खालून हात घालून दिवा उचलला. यांनी घंटेचं बटण दाबलं. घंटा गप्प. पुन्हा दाबलं. खोलीत फक्त घड्याळाची टिकटिक. ते मात्र अगदी वेळेवर चाललं होतं.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

मी दिवा घेऊन स्वयंपाकघरात गेले. समोर सिलिंडर! तिथं नको. मागोमाग हे, लॅपटॉप नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून. मी मागच्या दारानं गॅलरीत. तिथं असा वारा, की ज्योत आडवी झाली. पदर आडवा धरून मी कमलम्माच्या दाराशी पोचले. ती जमिनीवर पसरलेल्या टॉवेलांच्या दशा वळत बसली होती. दिवा पाहून ताडकन उठली.

"अय्यो अक्का, हितं नको! सगळं सूत हाय. ठिणगी पडली तर मी, घर, टॉवेल, सगळंच जाईल की!"

बरोबरच होतं तिचं. मागं यांचा आवाज जवळ येत होता. गॅलरीच्या टोकाला राहिलं एक आमचं न्हाणीघर. देवाचा दिवा, आणि न्हाणीघरात! देवा, घटकाभर डोळे मीट, म्हटलं, आणि आत शिरून कडी लावली. रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले, दिवा पाटावर ठेवला, पाण्यानं भरलेली दुसरी बादली जवळ ओढली.

बाहेर यांचा आवाज ठणठणीत. "बघा मॅडम, सगळ्या घरात ज्योत म्हणून न्हाय."

"दाराखालून उजेड दिसतोय. आत कोण आहे?"

"कुणी न्हाय."

आता सांगा, मी काय करणार? खोटं न बोलण्याचा नेम. मी हळूच म्हटलं, "मी आहे."

मी दार उघडलं. हे लॅपटॉपमागून माझ्याकडं असे बघत होते, की माझी जागा कापराच्या डबीशेजारीच! मॅडमनी दिवा पाहिला, बादली पाहिली. मग विचारलं, "इथंच का बसलात?"

मी खरं ते सांगितलं. विझवता येत नव्हता. बाहेरच्या खोलीत पडदे, स्वयंपाकघरात सिलिंडर, गॅलरीत वारा, शेजारी सूत. इथं चारी बाजूंना फरशी, आणि पाणी हाताशी.

"हे सगळं तुम्ही शिकवलंत यांना?" मॅडमनी यांना विचारलं.

"व्हय मॅडम," हे पापणीही न लववता म्हणाले. "रोज."

हे बोलले ते बोलले. माझा नेम शाबूत होता.

नोकरी लागली. दिवा सूर्यास्तापर्यंत तेवला. संध्याकाळी यांनी पेढे आणले, पहिला मला दिला, आणि मग कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. अट एकच : स्वयंपाकाचा गॅस वगळता घरात ज्योत लावायची ती फक्त न्हाणीघरात, भरलेली बादली शेजारी ठेवून. दर गुरुवारी कॅमेऱ्यावर तपासणी.

आता हे दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून साऱ्या देशाला सुरक्षा शिकवतात. आणि मी कालपासून पणत्या मांडून बघतेय. एकशे आठ दिवे याच घरात लावायचे, शब्द माझाच. न्हाणीघरात दाटीवाटीनं बेचाळीस बसतात.

तेही बादली बाहेर काढली तर.