एकोणीस वेळा झाकण

येलदरीच्या कॉलनीत आमच्या ओळीतलं शेवटचं क्वार्टर माझं. बायको रेणुका मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, त्याला सात महिने झाले. नातू रांगायला लागला, तरी बाळंतपण चालूच आहे. मी धरणाच्या ऑफिसात क्लार्क. संध्याकाळी घरी आलो की बोलायला भिंती. म्हणून एक छोटासा निर्णय घेतला: घरीच ज्वारीची बिअर करायची. बिअर असली की माणसं येतात, असा माझा अंदाज होता (लायसन्सचा विचार चव घेतल्यावर करणार होतो).

बिअर झाली. वीस लिटरचं तोटीचं स्टीलचं पिंप भरलं. ते गार ठेवायला बंद पडलेल्या आईस्क्रीमच्या दुकानातला डीप फ्रीझर आणला, आणि आत बर्फ होऊ नये म्हणून बाहेरून थर्मोस्टॅट जोडला. मित्र माणिकराव आले, एक घोट घेतला, म्हशीच्या आंबोणाची आठवण झाली म्हणाले आणि गेले. पुन्हा आलेच नाहीत.

राहिलो मी आणि कॉम्प्रेसर. तो दर दोन मिनिटांनी टक् करून चालू व्हायचा, घुरघुरायचा, बंद पडायचा. खरं सांगतो, घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. पण आठवडाभरात तो इतका तापला की त्याच्यावर पापड भाजला असता. शेवटी मेकॅनिक सिद्धोधनला बोलावलं.

"भाऊसाहेब, पिंप सोडलं तर आत नुसती हवा हाय," तो म्हणाला. "हवा लगेच तापती, अन् ह्यो लगेच पळायलाय. फ्रीझर भरा. सामान एकदा गार झालं की लय वेळ गार ऱ्हातंय."

थर्मोस्टॅटची तार हवेत लोंबकळत होती, ती त्यानं पिंपाला चिकटवून वर थर्माकोल बांधला. अर्धी डिग्री वाढली की चालू होणारा कॉम्प्रेसर आता तीन डिग्री वाढल्यावरच चालू होईल असं केलं. उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा म्हणाला.

मी म्हटलं, बाटल्या कशाला? बाटल्या काही बोलत नाहीत. ओळीतल्या पाचही घरांना सांगून आलो की उन्हाळा आहे, तुमचं सामान माझ्याकडे ठेवा. शेजारच्या चांगुणाबाईंनी दूध-दही आणलं. त्यांच्या पलीकडच्या परमेश्वरनं धरणातले मासे आणले. दही आणि मासे यांच्यावरून थोडी कुरबुर झाली, तेव्हा मध्ये थर्माकोलचा बांध घातला. सकाळ-संध्याकाळ दार वाजायचं. मी चहा टाकूनच ठेवायचो, दोघं-तिघं टेकायचे. मला फार बरं वाटायचं.

पण चांगुणाबाईंना माझी दया आली. "तुमाला सारखं दार उघडायला उठावं लागतंय," त्या म्हणाल्या. "फ्रीझर व्हरांड्यात ठेवा. आमी गुपचूप येऊ अन् गुपचूप जाऊ, तुमाला कळणार बी न्हाई."

चार जणांनी फ्रीझर उचलून बाहेर नेला. (पाचवा मी. जड बाजू माझ्याकडेच आली.) आणि खरोखरच मला काही कळेना. नुसतं झाकण वाजायचं, मी बाहेर येईपर्यंत माणूस गेलेला. मग मी घरातलं दूध, कोथिंबीर, लिंबं सगळं त्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवलं. झाकण वाजलं की लिंबू घ्यायला बाहेर. कुणाशी दोन शब्द झाले तर झाले, नाहीतर लिंबू घेऊन आत. थोड्या वेळानं ते परत ठेवायला पुन्हा बाहेर.

कॉम्प्रेसर पुन्हा तापला. सिद्धोधन म्हणाला, कुणीतरी झाकण फार उघडतंय. रविवारी चांगुणाबाई दिवसभर आपल्या पायरीवर ज्वारी निवडत पाळतीवर बसल्या. संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात अख्खी ओळ जमली. मी आनंदानं बारा कप चहा केला.

चहा संपल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या, "परमेश्वरनं दोनदा उघडलं. मी तीनदा. अन् भाऊसाहेब, तुमी एकोणीस वेळा."

मी रिकामे कप गोळा करायला लागलो. झाकणाला कुलूप लावायचं ठरलं. प्रत्येक घराला एक किल्ली मिळाली, माझं घर सोडून. मला काही लागलं तर चांगुणाबाईंना हाक मारायची.

आज सकाळपासून लिंबासाठी मी त्यांना पाच हाका मारल्या. सहाव्या हाकेला त्यांनी पिशवीभर लिंबं आणून माझ्या ओट्यावर ओतली आणि म्हणाल्या, आता पंधरा दिवस हाक मारायचं काम नाही.