घाईत गाणारी बाई

टर्नटेबल घ्यायचा, पण स्वस्तातला घ्यायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. त्यात चूक काय होती ते मला अजून कळलेलं नाही.

झालं असं, की आमच्या भालकीत चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक मोठी निघते. दोन हजार आठ साली ट्रकवर उदगीरचा डीजे आणला होता आणि त्याने अशी सिनेमाची गाणी वाजवली की माझी मान शरमेनं खाली गेली. (मान खाली होती तेव्हा पाय हलत होते, असं माझा मित्र नागराज म्हणतो. नागराज काहीही म्हणतो.) पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा आपलं स्वतःचं गाणं वाजेल! जुन्या रेकॉर्डमधला आपल्या माणसांचा आवाज आणि त्याखाली नवा ताल. हे जमलं नाही तर हा बुद्धरत्न पुन्हा कधी भाषण करणार नाही!"

प्रचंड टाळ्या पडल्या. माझ्या सार्वजनिक आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्या नेमक्या कुठल्या वाक्याला होत्या, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

रेकॉर्डची अडचण नव्हती. माझे सासरे नरसिंगमामा निर्ण्याला राहतात. त्यांच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या होत्या, त्या ज्योत्स्ना माहेरून घेऊन आली. नावाचे कागद कसरीने कधीच खाल्ले होते. अडचण होती ती वाजवायची; त्याला टर्नटेबल लागतो.

मी नेटकॅफेत बसून अभ्यास केला. पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल, थेट मोटरवर चालणारा, कॉम्प्युटरला जोडता येणारा. प्रत्येकाचे गुणदोष मी घरी समजावून सांगितले. आई भाकरी थापत ऐकत होती.

"म्हंजे जुन्या गाण्याचे तुकडे कापायचे आन् नव्याला जोडायचे?"

"बरोबर. याला सॅम्पलिंग म्हणतात."

"आम्ही वाकळ म्हंतो," आई म्हणाली. "त्याला मशीन कामून लागतंय?"

परदेशी टर्नटेबलच्या किमती वाचल्यावर मला वाटलं, ही भांडवलशाही आहे आणि मी तिला बळी पडणार नाही. (मी खासगी कॉलेजात तासावर राज्यशास्त्र शिकवत होतो. अशा माणसाला भांडवलशाही फार लवकर ओळखू येते.) म्हणून मी आणि नागराज हैदराबादच्या रविवारच्या जुन्या बाजारात गेलो. नागराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरवर गाण्यांची कापाकापी त्याला येते. तिथे पेटीसारखा बंद होणारा एक प्लेअर दिसला. लाल रंगाचा, कोपऱ्यात जरा पोचलेला. वेगाचा खटका पंचेचाळीसवर होता आणि तिथून हलत नव्हता.

"अण्णा, ह्यो अडकलाय की," नागराज म्हणाला.

"साब, छेड़ो नक्को," दुकानदार म्हणाला. "अपनी रफ़्तार से चलती ये."

मला ते वाक्यच आवडलं. शिवाय लहान तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्याच वेगाने वाजते, असं मी वाचलं होतं. आमच्या सगळ्या तबकड्या लहान होत्या. मी पेटी उचलली.

घरी आल्याबरोबर पहिलीच तबकडी लावली आणि अंगावर काटा आला. बाईचा आवाज! बारीक, धारदार आणि विलक्षण वेगवान.

"पाटी घे हाती, पोरी गं, चुलीला म्हण थांब जराशी!"

"लई फास्ट गाती की बाई," नागराज म्हणाला. "श्वास कवा घेती?"

"तो संताप आहे, नागराज! पिढ्यानपिढ्यांचा संताप!"

"आन् ढोलकीवाल्याला कशाची घाई?"

"इतिहासाची!"

आई आतून म्हणाली, "रत्ना, कोण बाई कावायलीय रे इतकी?"

मी ठरवून टाकलं. ही एक विसरली गेलेली स्त्री शाहीर होती. तिचं नाव कुठेच नाही, म्हणजे ते पुरुषांनी पुसलं. ज्योत्स्ना शाळेतून आली (ती शिकवते, आणि तिला पगार वेळेवर मिळतो) तेव्हा मी तिला उंबऱ्यातच गाणं ऐकवलं. ती आधी गोंधळली. मग तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरली.

"अहो, ऐकायलाव का? ह्या गाण्याचं मला..."

"थांब, ज्योत्स्ना. हजारो वर्षं बाईचा आवाज दाबला गेला. मी त्यावरच बोलतोय, मध्ये बोलू नको."

"पण ही बाई..."

"तिच्याविषयी मी सगळं शोधून काढणार आहे!"

"काढा," ती म्हणाली आणि कांदा चिरायला गेली. त्यानंतर आठवडाभर ती मधूनच, काही कारण नसताना हसायची.

नागराजने खाली ताल घातला आणि गाणं जबरदस्त झालं. मी पत्रक छापलं, 'हरवलेल्या स्त्री शाहिराच्या शोधात.' मिरवणुकीआधीच्या सभेला तबकडी जपणारे म्हणून नरसिंगमामांना प्रमुख पाहुणे बोलावलं. फोनवर गाणंही ऐकवलं. 

"कसं वाटलं, मामा?"

"बाई..." मामा म्हणाले, "बरी गाती, जावईबापू."

आता आमच्या भागात जावयाला तोंडावर 'चुकलात' म्हणायची रीत नाही. जावयाने आमटीला पायसम म्हटलं तरी सासरा म्हणतो, गोड झालंय. हे मला माहीत होतं. पण मी अशा जुनाट रीती मानत नव्हतो, त्यामुळे समोरचा मानत असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही.

जयंतीच्या दिवशी चौकात मांडव भरला होता. मामा पांढरं धोतर, निळा फेटा अशा थाटात पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी आई आणि ज्योत्स्ना. नागराजने गाणं वाजवलं. पोरं खुर्च्यांवर चढली. गाणं जमलं होतं, माझी भाषणं वाचली होती! त्या आनंदात मी लगेच एक सुरू केलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, या आवाजाला नाव का नाही? कुणी पुसलं तिचं नाव? तो पुरुष आज या सभेत बसला असेल, तर त्याने हिंमत असेल तर उभं राहावं!"

नरसिंगमामा उभे राहिले.

  सासरे, प्रमुख पाहुणे आणि गुन्हेगार, तिन्ही एकाच फेट्यात!

"मामा... तुम्ही? तुम्ही तिचं नाव पुसलंत?"

"न्हाई, जावईबापू," मामा हात जोडून म्हणाले. "ती मीच हाय."

 ज्योत्स्ना आता उघडउघड हसत होती. मामा ओशाळून म्हणाले, "जवानीत गाण्याची पार्टी होती आमची. ती रेकॉर्ड तेहतीसवर लावायची आसती. तुम्ही उभा गाव गोळा करून बाई म्हनायलाव, मग म्या कसं न्हाई म्हनू? पर आता हिंमत काढलाव म्हनून उठलो."

लोकांना पटेना, तेव्हा त्यांनी तिथेच एक ओळ म्हटली. तेच शब्द, तीच चाल, पण आवाज विहिरीतून यावा तसा खोल. मग जो हशा पिकला तो बसस्टँडपर्यंत गेला असेल.

मी मात्र तत्त्वाचा माणूस. माइक धरून जाहीर केलं, "मिरवणुकीत गाणं खऱ्या वेगानेच वाजेल! इतिहासाशी खेळ नको!" नागराजने कॉम्प्युटरवर वेग उतरवून गाणं लावलं. ट्रक निघाला. पोरं दहा पावलं नाचली, मग चालायला लागली, मग उभी राहिली. एक जण ट्रकच्या टपावरून ओरडला, "अण्णा, बाईला बोलवा!" बघता बघता अख्खा चौक ओरडू लागला, "बाई! बाई!"

मी मामांकडे पाहिलं. वाटलं, दुखावले असतील.

"लावा की तिलाच," मामा म्हणाले. "माझ्यापरीस गोड गाती ती. आन् तिच्यावर नाचाय येतंय." मग त्यांनी फेटा सावरला आणि ट्रकपुढे पहिले तेच नाचले.

थोडक्यात, गाणं जमलं. ठरल्याप्रमाणे माझं भाषण कायम राहिलं. मंडळाने ते जरा जड मनाने मान्य केलं, पण दिलेला शब्द पाळला.

दुसऱ्या वर्षी सभेच्या दिवशी माझी कलबुर्गीला परीक्षेची ड्यूटी लागली. लोकांची निराशा नको म्हणून मी भाषण आधीच नागराजकडे जाऊन रेकॉर्ड केलं. चाळीस मिनिटांचं, एकही मुद्दा न गाळता. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर आई खूष होती.

"भाषण ऐकलंस, आई?"

"ऐकलं की! समदे टाळ्या वाजवायलेते." आई माझ्या जवळ सरकली. "नागराजनं जरा पळवत लावलं, म्हनला टाइम कमी हाय. पर ती बाई कोण रे? तुझ्यापरीस लई बरी बोलती."